ओळखपरेडीला सात जणी

सुमन पोळ दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजे माझं तोंड चोरासारखं दिसतंय, असंच ना?"

"तोंड नाही गं. हनुवटी."

"हनुवटी तोंडालाच असती माझी. तुझी कुठं असती?"

आता हिला काय सांगायचं? माझ्या हातात फौजदार धायगुड्यांनी दिलेला कागद होता आणि त्यावर शेजारच्या गावच्या, एसटीत माळ गेलेल्या गोदाक्कांनी सांगितलेलं चोर बाईचं वर्णन होतं. बाई अंगानं बारीक. रंगानं सावळी. वय चाळीसच्या आसपास. नेसण नऊवारी. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. असल्या सहा बाया मला सकाळी अकराच्या आत गोळा करायच्या होत्या.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि नुकतीच विशेष कार्यकारी दंडाधिकारी झाले होते. नाव भारदस्त, पण काम म्हणजे पोरांच्या मार्कलिस्टांच्या नकला खऱ्या आहेत असं म्हणून शिक्का मारणं. पगार नाही, खुर्ची आपल्याच घरची. आमदारांना यादीत एक बाई हवी होती. मी सातवी पास, पण वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचून संपवलेली, म्हणून हातनोलीत माझं नाव 'शिकलेली' असं पडलेलं. ते आमदारांच्या कानावर गेलं आणि मी दंडाधिकारी झाले. माझी सासू शेजारणींना सांगायची, "आमची शालन आता दंड करती." तिला वाटायचं मी कुणालाही करू शकते. पोस्टमनशी ती त्या दिवसापासून जरा चढ्या आवाजात बोलायला लागली.

तर असल्या दंडाधिकाऱ्यालाच ओळखपरेड घ्यावी लागते. म्हणजे संशयित बाईला तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सहा बायांबरोबर उभं करायचं आणि ज्याची वस्तू गेली त्याला म्हणायचं, यातली कोण ते ओळख. संशयित बाई असल्यामुळं फौजदारांना बाईच दंडाधिकारी हवी होती. मी पुस्तिका आणून दोन रात्री वाचली. पोलीस खोलीत नकोत. संशयितानं आपली जागा आपण निवडायची. सगळ्यांचा पेहराव सारखा हवा. झालेलं सगळं जसंच्या तसं लिहायचं. मला सगळं तोंडपाठ झालं.

फक्त एक गोष्ट मी चुकीची वाचली. सहा जणी 'संशयितासारख्या' दिसाव्यात असं त्यात होतं. मी शेवंताला, म्हणजे त्या संशयित बाईला, अजून बघितलंच नव्हतं. मी गोदाक्कांच्या वर्णनासारख्या बाया शोधत बसले. आता वाटतं, देवानं ती चूक माझ्याकडनं करवली ती काही उगीच नाही.

सुमनला शेवटी मी म्हटलं, "सरकारी काम आहे. फोटो निघतो म्हणे." तशी ती आत जाऊन पावडर लावून आली.

चार जणी अशाच जमल्या. पाचवी माझी चुलत जाऊ. सहावीसाठी मी हौसाकडं गेले.

हौसा लोंढे बालवाडीत मदतनीस. साठ पोरांची उसळ एकटी शिजवायची आणि एकेकाचं नाक पुसून, मांडीवर घेऊन भरवायची. आमची दोघींची गट्टी अशी, की तिच्या घरात जिरं संपलं तर ती दुकानात न जाता माझ्या डब्यात हात घालायची. ती हसायला लागली की तो वरचा चढलेला दात आधी दिसायचा आणि मग हौसा. मी कागद वाचला आणि टाळीच वाजवली.

"हौसा, तूच पाहिजेस मला! ठिपकेही आहेत आणि दातही. चल."

"कुठं?"

"ओळखपरेडीला. गोदाक्कांची मोहनमाळ गेली ना एसटीत, त्याची."

हौसानं पळी खाली ठेवली. "मला उसळ शिजवायचीय."

"उसळ बाई टाकतील."

"माझं डोकं दुखतंय."

"उभंच राहायचं आहे, डोक्यावर घागर नाही द्यायची."

"शाले, मी न्हाई आले तर न्हाई का चालणार?"

"तुझ्यासारखा दात दुसरा कुठं मिळणार मला, सांग बरं?"

आणि मी तिचा हात धरून तिला ओढत नेलं. खरंच ओढत नेलं. तिच्या पायातली चप्पल वाटेत निघाली तेव्हा मीच ती उचलून घेतली.

समाजमंदिरात फौजदार धायगुडे आधीच येऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना प्रत्येक काम संपवायची घाई असायची, जेवण धरून.

"बाई, ताण घेऊ नका," ते म्हणाले. "मुळात ती कबूल आहे. हा बघा कागद, अंगठासुद्धा आहे. ही परेड म्हणजे आपली रीत."

"कधी कबूल झाली?"

"तिसऱ्या दिवशी."

तिसऱ्या दिवशी. मी पुढं विचारलं नाही.

शेवंताला आणलं. स्टँडवर सुया, दाभण, बिब्बे विकत बसणारी बाई. तिला मी दर बाजारी बघायचे, फक्त नाव माहीत नव्हतं. ती ज्या पालांवर राहायची तिथलं कुणी ना कुणी, गावात काहीही हरवलं की आत जायचं. हिला आत जाऊन अकरा दिवस झाले होते. बारीक, सावळी, ठिपके तीन. मी म्हटलं, "तोंड उघड गं जरा." दात सरळ होते, मोत्यासारखे.

मी फौजदारांकडं बघितलं.

"म्हातारीनं झोपेत दात बघितले असतील हो!" ते म्हणाले. "बाई, तुम्ही फार खोलात जाता."

मग मी पुस्तिकेप्रमाणं त्यांना आणि हवालदाराला बाहेर घालवलं. ते मान खाली घालून गेले तेव्हा माझ्या मनात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण छान झालं. आत उरलो आम्ही बाया आणि दोन पंच, एक शिंपी आणि एक निवृत्त मास्तर.

शेवंताची साडी अकरा दिवसांची होती. सारखा पेहराव हवा म्हणून मी माझी धुवट साडी पिशवीतनं आणली होती, ती तिला पडद्याआड नेसवली. सातही जणींना पदर कपाळावर ओढायला लावला. सुमन कुरकुरली, "मग पावडर कशाला लावली मी?"

"जागा निवड," मी शेवंताला म्हटलं.

तिनं ओळीकडं बघितलं आणि सुमन आणि हौसा यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हौसा एवढीशी सरकली. तिच्या कपाळाला घाम होता. मी म्हटलं, पत्र्याचं छत, व्हायचंच.

गोदाक्का आल्या. पंच्याहत्तरीच्या, काठी टेकत, पण काठी चालण्यापेक्षा बोलताना जास्त वापरायच्या.

"आक्का, काय झालं होतं ते आधी सांगा."

"काय हुणार? एसटीत बसले. बाजूला ही बाई. मी सुनेचं रडगाणं सांगत हुते, तर ही सुनेच्याच बाजूनं बोलाया लागली! म्हणती, 'आक्का, तिचंबी वय हाय.' मी म्हटलं, बरं बाई. मग डोळा लागला. तिच्याच खांद्यावर. उठले तर ही न्हाई आन् माळबी न्हाई."

"ओळखाल?"

"सुनंची बाजू घेणारी बाई मी इसरन व्हय?"

त्या ओळीवरनं चालत गेल्या. माझ्या जावेपाशी क्षणभर थांबल्या, माझ्या जावेनं जीभ चावली. सुमनला त्यांनी काठीनं बाजूला केलं, "तू न्हाई, तुझ्या अंगाला वास येतोय पावडरचा." शेवंतापाशी त्या थांबल्याच नाहीत. पुढं गेल्या आणि हौसाच्या डोक्यावर हात ठेवला.

"हीच."

समाजमंदिरात असा हशा पिकला! शिंप्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मास्तर म्हणाले, "अहो आजी, ह्या बालवाडीच्या बाई!" सुमन तर हौसाच्या पाठीत थापा मारायला लागली, "हौसे, धरली गं तुला! आता उसळीत किती मटकी टाकतीस तेबी सांगून टाक!" गोदाक्का एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या. त्यांचा हात हौसाच्या डोक्यावरच राहिला होता.

"हसताय कशाला? हीच हाय म्हणते ना."

मी पण हसत होते. आणि हसता हसता मला दिसलं की हौसा हसत नाहीये. हौसा, जी एकदा मयताच्या घरी हसून बाहेर पळाली होती, ती. तिनं ओठ मिटून घेतले होते. तो दात आत लपवून.

तिचा गुरुवारचा बाजार मला आठवला. भाजी स्वस्त म्हणून ती शेजारच्या गावी जाते. एसटीनं.

मी खुर्चीत बसले आणि पंचनामा लिहायला घेतला. काय लिहायचं? साक्षीदारानं चुकीच्या बाईला धरलं, परेड फसली, एवढं लिहिलं तरी पुरे होतं. कोर्टात परेड फसली म्हणून शेवंता आज ना उद्या सुटली असती. हौसाकडं कुणी बघितलंही नसतं. उभं राहायला आणलेल्या बाईवर संशय घ्यायचा असतो हे कुणाच्या बापाला माहीत? पण गोदाक्का तोवर बाहेर जाऊन पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांची सून, जी त्यांना घेऊन आली होती, ती म्हणत होती, "मी म्हटलं होतं ना, डोळं गेलं तुमचं. आता एसटी बंद." आणि गोदाक्का, ज्या सुनेला कधी एका शब्दानं सोडायच्या नाहीत, त्या काठी मांडीवर आडवी टाकून ऐकत होत्या.

पुस्तिकेत एक ओळ होती. ज्याला ओळखलं, त्याला विचारायचं: तुम्हाला काही म्हणायचं आहे का? ती संशयितासाठी होती. पण पुस्तिकेत 'ज्याला ओळखलं' असंच लिहिलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. "हौसाबाई लोंढे, साक्षीदारानं तुम्हाला ओळखलं आहे. तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

शिंपी परत हसला. "बाई, तुम्हीपण!"

मी हौसाकडं बघत राहिले. ती 'नाही' म्हणाली असती तर मी 'नाही' लिहिलं असतं आणि आयुष्यभर तिला जिरं द्यायला हात आखडला नसता. हे मी तुम्हाला शपथेवर सांगते.

"व्हय," हौसा म्हणाली.

मग तिनं सांगितलं, भिंतीकडं बघत. आक्कांचा डोळा लागला, मान खांद्यावर पडली. माळेचा फासा जुना, तो सुटला असणार. हौसाची मेथीची पिशवी मांडीवर होती. घरी येऊन तिनं जुडी सोडली तर माळ खाली पडली. पहिल्या दिवशी वाटलं, नेऊन देऊ. दुसऱ्या दिवशी कळलं, पोलिसात गेलंय. आता नेली तर म्हणतील, चोरलीस. मग कळलं, कुणाला तरी धरलंय. "मग लईच भ्या वाटलं, शाले. रोज उद्या उद्या करत ऱ्हायले."

कुणी हसलं नाही. शेवंता तिच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नवल होतं. जणू हरवलेली वस्तू अशीही सापडते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मास्तर उठून गेले आणि फौजदारांना घेऊन आले. फौजदारांनी सगळं ऐकलं. माझ्यासमोरचा कागद बघितला. पहिला शब्द बोलले तो हा: "पेन खाली ठेवा."

"खालीच आहे."

"बाई, नीट ऐका. हे कागदावर आलं तर ह्या बाईवर गुन्हा. बालवाडी गेली. माझ्यावर चौकशी, कारण माझ्याकडं दुसरीचा कबुलीजबाब आहे. नाही आलं, तर? माळ वाटेत सापडली. परेड फसली. ही शेवंता आत्ता, ह्या मिनिटाला, घरी. कुणाचं काय बिघडलं?"

खरं सांगू? माणूस शहाणपणाचं बोलत होता. शिंप्यानं मान डोलावली. मास्तर म्हणाले, "गावाची अब्रू गावात." सुमन म्हणाली, "हौसा न्हाई तर पोरांना कोण भरवंल?" गोदाक्का सुनेला मागं सारून आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माळ मिळाली की मला काय करायचंय? फकस्त लिवा, मी आंधळी न्हाई म्हणून. सुनेला वाचून दाखवा."

सगळ्यांचं ठरलं. फौजदारांनी पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, एकीला कुणी विचारलंच नाही. माझी धुवट साडी नेसून ती ओळीतच उभी होती. ओळ मोडली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"शेवंता, तुझं काय म्हणणं?"

"घरी सोडणार?"

"आत्ता," फौजदार म्हणाले.

"आन् त्यो कागद?"

"कुठला?"

"अंगठ्याचा."

"तो राहतो फाईलला. त्याचं काय आता."

शेवंतानं मान हलवली, हळू, लहान पोराला हिशेब समजावा तशी. "म्हंजे पुढल्या बाजारी कुणाची पुतळी हरवली, का कुणाचा बैल सुटला, तर तुमी फाईल उघडनार. अंगठा बघनार. आन् मला आननार."

फौजदारांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

"माळ ह्यास्नी गावली," ती म्हणाली. "माजा अंगठा मला द्या."

मी टोपण काढलं.

फौजदारांनी मला थांबवलं नाही. मला वाटतं त्यांनाही क्षणभर हायसं वाटलं असेल, पण हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. मी सगळं लिहिलं. एसटी, मेथी, फासा, उद्या उद्या. गोदाक्कांसाठी वेगळी ओळ लिहिली, 'साक्षीदाराची नजर उत्तम आहे', आणि ती सुनेला मोठ्यानं वाचून दाखवली. शेवंता दुसऱ्या दिवशी सुटली. पोलिसासमोरची कबुली कोर्टात तशीही चालत नाही, हे मला पुढं कळलं. पण कोर्टात चालत नसली तरी ती गावात चालते, हे शेवंताला आधीपासून माहीत होतं. तिच्या फाईलला माझा पंचनामा जोडला गेला आणि त्यानंतर निदान आमच्या स्टँडवर तिला कुणी उठवलं नाही.

हौसाची बालवाडी गेली ती गेलीच. पोरं महिनाभर उसळ खाईनात. कोर्टात मी साक्ष दिली. न्यायाधीश म्हणाले, माळ आपोआप पिशवीत पडली, बाई घाबरली, आणि विचारताक्षणी स्वतःहून सांगितलं. हिच्या मनात चोरी होती असं दिसत नाही. ताकीद देऊन सोडलं. हौसा माझ्याशी वर्षभर बोलली नाही. मग एका संध्याकाळी आली, माझ्या डब्यात हात घातला, मूठभर जिरं घेतलं आणि न बोलता गेली. मी समजायचं ते समजले.

हे सगळं गावाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक नाही ते एवढंच, त्या दुपारचं, आणि आता सांगायला हरकत नाही. हौसा गेल्याला तीन वर्षं झाली.

मी पंचनामा वाचून दाखवला. सगळ्यांनी ऐकला. पंचांनी सह्या केल्या. शेवटची सही माझी राहिली होती, तेव्हा हौसा उठून माझ्या खुर्चीशी आली आणि कानाशी वाकली. तिच्या श्वासाला मेथीचा नाही, भीतीचा वास होता. तो मला आजही ओळखता येतो.

"शाले, एक ऱ्हायलं. खरं लिवायचं म्हणतीस तर सगळंच लिव."

"काय?"

"घातली होती मी ती. आरशापुढं. दोन डाव." ती थांबली. "दुसऱ्या डावाला वाटलं, नगंच द्यायला."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. फौजदार, पंच, सुमन, गोदाक्का, शेवंता, सगळे माझ्याकडं बघत होते.

"काय म्हणतायत त्या?" फौजदारांनी विचारलं.

"पाणी मागतेय," मी म्हटलं आणि सही केली.

सुमननं तांब्या आणला. हौसाला तहान नव्हती. पण ती माझ्याकडं बघत बघत अख्खा तांब्या प्यायली.